तांब्यावरचं हिरवं

यंदा चिंच भिजत घातली ती वाटीभरसुद्धा नाही.

पितृपक्ष संपत आला की आमच्या तांबट आळीत घरोघरच्या मोरीपाशी चिंचेचं भांडं भिजत पडलेलं असायचं. त्या आंबट वासात चुलीतल्या राखेचा वास मिसळायचा आणि दुपारपर्यंत सगळ्या आळीतल्या बायकांचे हात काळे झालेले असायचे. घट बसायच्या आधीची घासपूस. हंडे, घागरी, पराती, समया, देवांची ताम्हनं. घासून उन्हात पालथी घातलेली भांडी अशी चमकायची की आळीतून जाताना डोळे बारीक करावे लागत. आता घरात स्टील आलं. स्टीलला चिंच लागत नाही, राख लागत नाही. माझ्याकडे तांब्याचा एक कलश उरलाय, त्याला चिंचेचं एक बुटूक पुरतं. काल ते पाण्यात टाकलं, आणि वास आला. वास तेवढाच होता, पूर्वीइतकाच. मी मोरीच्या कडेला बसून राहिले.

आळीचा आवाजही गेलाय. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा दिवसभर ठोके पडत. घोटीकडच्या आमच्या गावात आवाज म्हणजे भाताच्या खाचरातले बेडूक आणि आईची हाक. इथे सकाळी ठोके सुरू होत ते थेट दिवे लागेपर्यंत. पहिले काही दिवस माझं डोकं ठणकायचं. मग इतकी सवय झाली की दुपारी जेवायला माणसं थांबली की ती शांतताच कानात वाजायची. आता ती जेवणाची सुट्टी संपतच नाही, असं वाटतं.

माझे सासरे, मामंजी, त्या ठोक्यांतलेच एक. जन्मभर दुसऱ्याच्या कारखान्यात हंडे ठोकले. तरुणपणी भट्टीची ठिणगी उडून डावा डोळा गेला, आणि हातोड्यानं हळूहळू कान नेले. मी आले तेव्हा त्यांच्या अगदी कानाशी जाऊन ओरडलं तरच ऐकू येई. आणि आमच्या घरी सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायची रीत नव्हती, मग कानाशी जाऊन ओरडणं कुठलं. सासूबाई होत्या तोवर अडचण नव्हती. मी सासूबाईंना हळू सांगायचे, सासूबाई त्यांना ओरडून सांगायच्या. त्या गेल्या आणि आम्ही दोघं एकाच घरात, दोन तीरांवर असल्यासारखे उरलो. हे बसवर ड्रायव्हर. सुरगाण्याची मुक्कामी गाडी यांच्याकडे होती. संध्याकाळी जायचे, सकाळी यायचे, जेवून झोपायचे. मूलबाळ झालं नाही.

मामंजींनी एक तोड काढली. ते मला कधी थेट काही सांगत नसत. छपराकडे बघून म्हणत, "चहा झाला असेल." किंवा, "आज ऊन चांगलं आहे, गाद्या वाळतील." मी समजून घ्यायची. उत्तर द्यायचं तर त्यांच्या पाटाच्या कडेवर बोटाच्या पेरानं ठोकायचं. एकदा ठोकलं म्हणजे हो, दोनदा ठोकलं म्हणजे नाही. बोललेलं त्यांना ऐकू येत नसे, पण ठोकलेलं येई. जन्मभर तेच ऐकलं होतं ना. मला तर ते फार बरं वाटायचं. शाळेत मी चौथीपर्यंत गेले, पण मोठ्यानं वाच म्हटलं की माझा घसा मिटायचा. मास्तर म्हणायचे, "अक्षर येतं, आवाज येत नाही हिचा." सासरी कुणी मोठ्यानं वाचायला सांगणार नाही, याचं मला माहेर सोडताना खरोखर समाधान वाटलं होतं.

मामंजींकडे पत्र्याचा एक बिस्किटाचा डबा होता. त्यात जुनी तांब्याची नाणी, एकेक धोतराच्या मऊ चिंधीत वेगळं गुंडाळलेलं. कारखान्यात लोक फुटकी भांडी मोड म्हणून वजनावर घालत. त्या मोडीत कधी एखाद्या घागरीच्या तळाला, कधी नुसतंच, जुनं नाणं यायचं आणि सगळ्याबरोबर भट्टीत जायचं. मामंजी ते उचलून ठेवायचे आणि तेवढ्याच वजनाचं तांबं आपल्या पदरचं टाकायचे. मालक हसायचा. त्यांनी काम सोडलं त्या दिवशीही त्यांना एक सापडलं. नाणं कसलं, हिरवी ढेप होती. नदीच्या गाळात पडून असावं. माती, चुना आणि तांब्याचं हिरवं असं चढलं होतं की खडाच वाटावा. सगळ्या डब्यात त्यांचा जीव त्या ढेपेवर होता. ते छपराला म्हणायचे, "वजनाला शिवराई वाटते. पण अक्षर निघालं तर शिवराई, नाहीतर नुसतं तांबं."

त्या वर्षी त्यांच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणाले, पिकू द्या, दिवाळीनंतर काढू, पण एकच डोळा आहे, खात्री देत नाही. यांनी घरी येऊन ते बापाच्या कानात ओरडून सांगितलं. मामंजी संध्याकाळी डबा घेऊन बसले, ढेप काढली, डोळ्याशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग पाटावर ठेवली आणि छपराकडे बघत म्हणाले, "आता दुसऱ्याच्या डोळ्यांनी करावं लागेल. डोळे जाण्याआधी झालं तर बरं."

घरात दुसरे डोळे माझेच होते.

नाणं कसं स्वच्छ करतात ते मी त्या पावसाळ्यात शिकले. शिकवणं असं झालंच नाही. ते छपराला सांगायचे, मी ऐकायची. नाणं कडेनं धरायचं असतं, पोटावर बोट लावायचं नसतं, बोटाचा घाम तांब्याला डागतो. आधी नुसत्या पाण्यात ठेवायचं, माती आपसूक सुटते ती सुटू द्यायची. पाणी नळाचं नको. हे गॅरेजजवळच्या दुकानातून बॅटरीत घालायचं पाणी बाटलीतून आणून द्यायचे, "बाबांचं खूळ" म्हणून. पुसायचं नाही, चिंधी वर ठेवून टिपायचं. मग तेल. केमिस्टकडे मिळतं ते बिनवासाचं, पाण्यासारखं पातळ, पोट साफ व्हायला देतात ते. त्यात नाणं बुडवून ठेवायचं आणि विसरून जायचं. तेल हिरवं झालं की बदलायचं. वरचा थर मऊ झाला की बाभळीचा काटा तेलात भिजवून, नुसत्या त्याच्या वजनानं, एक कण उचलायचा. जोर लावायचा नाही. कण येत नसेल तर परत तेलात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे, "चिंच नाही. लिंबू नाही. राख नाही. चकाकी आली की अक्षर गेलं."

मला ते चमत्कारिक वाटायचं. ज्या माणसानं जन्मभर तांबं चकाकवलं, तो म्हणतो, चकाकवू नका. एकदा त्यांनीच, मी विचारलं नसताना, सांगितलं. नवं भांडं चकाकलं पाहिजे, ते अजून कुणाचं झालेलं नसतं. जुन्याचं जे काही असतं ते वरच्या पातळ सालीतच असतं.

देवघराच्या फळीखाली काचेची एक वाटी होती. रोज सकाळी मी तीत डोकावायची. हिरवं उतरत होतं आणि त्यांच्या डोळ्यातलं पांढरं चढत होतं. दोन्हींची चाल इतकी सावकाश की रोज बघणाऱ्याला कळू नये, आणि तरी मला कळायचं. आधी कडेचे बारीक ठिपके दिसले. पुढे एक काना दिसला. अक्षर नाही, नुसता काना, माणसं निघून गेलेल्या अंगणात खुंटी उभी असावी तसा. मी पाटावर एकदा ठोकलं. मामंजींनी छपराला विचारलं, "दिसतंय काही?" मी पुन्हा एकदा ठोकलं. त्यांनी वाटी डोळ्याशी नेली आणि बराच वेळ धरून ठेवली. मग परत दिली. म्हणाले, "घाई नाही." पण ताटातली भाकरी ते आता चाचपून शोधू लागले होते, ते मला दिसत होतं.

वाटायचं, थोडी राख लावली तर? थोडीशीच, एका कोपऱ्याला. त्यांना एकदा दिसलं की झालं. काटा हातात घेऊन मी कितीदा थांबले. त्या दिवसांत मला कळलं की घाई ही मायेतूनच येते, आणि सगळ्यात जास्त नासधूस तीच करते.

मग आक्का आल्या. यांची थोरली बहीण. सटाण्याला दिलेल्या, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरात. दर वर्षी घासपुशीला माहेरी यायच्या, कारण त्यांच्या मते मला भांडी घासता येत नसत. त्या दारातून आत येण्याआधी त्यांचा आवाज यायचा. आळीला कळायचं, आक्का आली.

"सगुणे, ही वाटी काय देवाजवळ? तीर्थ आहे का?"

मी मान हलवली.

"मग?" त्यांनी बोट बुडवून नाकाशी नेलं. "अगं, हे तर जुलाबाचं तेल! पैशाचं पोट साफ करतेस का काय?" आणि त्या इतक्या हसल्या की शेजारच्या गोदाकाकू खिडकीत आल्या. "ऐका काकू, आमच्याकडे पैशाला पण बद्धकोष्ठ शे!" सटाण्याला राहून त्यांच्या बोलण्यात तिकडचं शे यायचं, ते त्या चेष्टेला मुद्दाम वापरायच्या. मलाही हसू आलं. पदर दातात धरून मी हसले.

आक्का वाईट नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहिते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकटीनं सगळे हंडे घासले, मला हातही लावू दिला नाही. घटाच्या कलशात सुपारीबरोबर तांब्याचा पैसा घालतात. त्याची आठवण त्यांनाच झाली. मी मागच्या अंगणात समया वाळत घालत होते. परत आले तर मामंजींचा डबा उघडा, आणि आक्कांच्या चिंचेनं काळ्या झालेल्या तळहातावर एक नाणं होतं, कालच टाकसाळीतून आल्यासारखं, लालभडक.

"बघ! बाबांनी नुसती घाण जपून ठेवलेली. चिंच, राख आणि नारळाची शेंडी. देवीला असला काळा पैसा घालतात का? बाबा, बाबा, हे बघा!" त्यांनी मामंजींच्या कानात ओरडून ते त्यांच्या हातात ठेवलं.

मामंजींनी ते उन्हाकडे धरलं. चकाकी दिसली असावी, कारण डोळा मिटला. मग त्यांनी अंगठा फिरवला. हातोड्यानं टणक झालेला जाड अंगठा. एका बाजूवर फिरवला, उलटं करून दुसऱ्या बाजूवर फिरवला. परत पहिल्या बाजूवर.

"गुळगुळीत केलंस गं, पोरी," ते म्हणाले. एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

आक्कांना कळलंच नाही. त्यांना ते कौतुकच वाटलं. त्या म्हणाल्या, "मग! आता ते वाटीतलं पण आण, एका हातासरशी होईल." आणि त्या फळीकडे वळल्या.

मी कशी उठले, मला माहीत नाही. मी वाटीवर दोन्ही हात पालथे ठेवले. आक्का थांबल्या. "अगं, दे की." मी हात काढले नाहीत. "सगुणे, हात काय ठेवतेस? तोंड नाही का तुला?" मी नुसती मान हलवली, दोनदा, नाही म्हणून. त्या बघत राहिल्या. "बाई, बाई. मुकी ती मुकी, वर हट्टी," असं म्हणून त्या मोरीकडे गेल्या. मामंजींना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ते अंगठ्यानं तो गुळगुळीत पैसा चोळत बसले होते.

घट बसायच्या आदल्या दिवशी आक्का गोधड्या धुवायला नदीवर गेल्या. हे आत झोपले होते. मी वाटीतून नाणं कडेनं उचललं. तेल निथळलं, बॅटरीच्या पाण्यात धरलं, चिंधीवर ठेवून टिपलं. मधला एक थर अजून होता. काटा टेकवला, आणि तो थर पापुद्र्यासारखा सबंध निघून आला. खाली तांबं लाल नव्हतं. पिकलेल्या चिकूसारखं, गडद होतं. आणि त्यावर अक्षरं. वेडीवाकडी, जाड, आमच्या गावच्या मंदिराच्या पायरीवर कोरलीत तशी. मी ती मनात वाचली.

पाटावर एकदा ठोकलं. मामंजींनी हात पुढे केला. नाणं डोळ्याशी नेलं, दाराकडे तोंड केलं, उन्हात मान वाकडी केली. किती वेळ गेला. "पांढरं दिसतंय नुसतं," ते म्हणाले. मग अंगठा फिरवला आणि थांबले. "आहे. काहीतरी आहे इथे. आहे ना?"

मी ठोकलं, एकदा.

"काय आहे?"

माझं बोट पाटावर तसंच राहिलं. हो म्हणता येत होतं, नाही म्हणता येत होतं. काय आहे, हे ठोकून कसं सांगायचं?

त्यांनी छपराकडे पाहिलं नाही. माझ्या दिशेनं तोंड केलं, थोडं चुकलं, मी होते त्याच्या जरा डावीकडे, आणि म्हणाले, "सूनबाई, काय लिहिलंय?"

मी पदर दातात धरूनच म्हणाले, "श्री."

"आं?"

"श्री."

"आं?"

मी उठून त्यांच्या उजव्या कानाशी गेले. दातातला पदर सुटला, डोक्यावरचाही खाली आला. शाळेतल्यासारखा घसा मिटत होता. मला वाटलं, आता नाही वाचलं तर हे नुसतं तांबं राहील.

"श्री!" मी ओरडले. "श्री! खाली राजा! त्याच्या खाली शिव!"

"राजा?"

"राजा! शिव!"

मामंजींचा श्वास मला ऐकू आला. "मागे बघ," ते म्हणाले. "वर छत्र असेल, खाली पती."

मी कडेनं उलटं केलं. त्या बाजूचं छत्र अर्धं झिजलं होतं, पती स्वच्छ होतं. "आहे!" मी ओरडले. "छत्र! पती! आहे!"

गोदाकाकू धावत खिडकीत आल्या. हे आतून, "काय झालं, काय झालं," म्हणत धोतर सावरत बाहेर आले. आळीच्या तोंडाशी ओल्या गोधड्यांचं गाठोडं घेतलेल्या आक्कांनी तिथूनच विचारलं, "अरे कोण भांडतंय आमच्या घरात?" आणि मामंजी, मी त्या घरात आल्यापासून त्या दिवसापर्यंत माझ्याशी एक शब्द थेट न बोललेले मामंजी, नाण्यावर अंगठा ठेवून म्हणाले,

"एवढा आवाज होता, तर इतकी वर्षं पाट कशाला बडवलास?"

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. डोळ्याला उजेड आला, अक्षर आलं नाही. दार उघडं की मिटलेलं एवढं त्यांना कळायचं. म्हणजे त्या नाण्याचं तोंड त्यांनी माझ्या ओरडण्यातच पाहिलं तेवढं. त्यानंतर दर संध्याकाळी ते म्हणायचे, "वाच." वाण्याच्या पुडीचा कागद, कॅलेंडरची मागची बाजू, जे असेल ते मी त्यांच्या कानाशी बसून ओरडून वाचायची. कांद्याचे भाव, बाळाच्या बारशाची निमंत्रणं, फाटलेल्या बातम्यांचे अर्धे तुकडे. गोदाकाकू म्हणायच्या, तुझ्यामुळे आम्हाला पेपर घ्यावा लागत नाही.

ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझा आवाज त्यांच्या कानाच्या मापाचा झाला होता, हे ते गेल्यावर कळलं. यांना काही सांगायला गेले की हे म्हणायचे, "ओरडतेस काय, मी बहिरा नाही." मग मी हळू बोलू लागले. मग आणखी हळू. आता यांची बदली लांबच्या डेपोत झालीय, आठवड्याला येतात, जेवतात, झोपतात. आक्का गुडघ्यांमुळे येत नाहीत. गोदाकाकू मुलाकडे गेल्या. दिवस दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही.

आज घट बसवला. सकाळी डबा काढला, शिवराईची चिंधी सोडली. कोरडी आहे, हिरवं पुन्हा आलेलं नाही. कडेनं धरून दारातल्या उजेडात नेली. मामंजींचा पाट तिथेच आहे. मोठ्यानं वाचावं असं वाटलं. श्री म्हणाले, ते माझ्यापुरतंच आलं. पुन्हा म्हणाले. आळीत कुठेच ठोका पडत नव्हता, त्यामुळे तेवढंही फार मोठं वाटलं आणि मी थांबले. नाणं परत चिंधीत गुंडाळलं.

आक्कांनी घासलेला तो गुळगुळीत पैसा मी दर वर्षी कलशात घालते. त्याला आता चिंचेचं भय नाही, जायचं ते सगळं गेलंय. कालच्या बुटकानं मी तो पुसला, लालभडक निघाला. कलशात पाणी घातलं, सुपारी सोडली, पैसा सोडला. तो तळाशी जाऊन तांब्यावर टेकला आणि आवाज झाला.

एकदाच.